आबांची पाठ

आबांनी सदरा काढून खांबाच्या खिळ्याला अडकवला, मग बनियनही काढलं आणि उघड्या पाठीने ते शेडच्या मधोमध, तिसऱ्या खांबापाशी उभे राहिले. डोळे मिटलेले, हात कमरेवर. कंपनीचा मुलाणी शिडीवर चढून वायर बांधत होता, तो तसाच थांबला. खाली वाकून त्याने मला हळूच विचारलं, "वहिनी, त्यांना बरं वाटत नाहीये का?"

"बरे आहेत. टेंपरेचर बघतायत," मी म्हटलं.

मुलाणीला ते पटलं नसावं, पण आमच्या पोल्ट्रीत हवामानखातं म्हणजे माझ्या सासऱ्यांची पाठच होती. त्या पाठीला काय कळायचं देव जाणे. आबा मिनिटभर उभे राहायचे आणि सांगायचे, मावळतीकडचा पडदा हातभर वर घ्या, उगवतीकडचा राहू दे तसाच. की लागलीच कुणीतरी पडद्याच्या हँडलकडे पळायचं; हे पडदे वर ओढले की वारा बंद, खाली सोडले की वारा मोकळा. हे दिवसभर चालायचं आणि रात्रीही आबांची पाठ झोपेलच असं नाही. उन्हाळ्यात तर गावातले बाकीचे पोल्ट्रीवाले आबांना गाडीवर बसवून घेऊन जायचे, आपल्या शेडात उघडं करून उभं करायचे आणि चहा पाजून परत आणून सोडायचे. आबा त्या काळात फार ऐटीत असत.

मला मात्र त्या पाठीचा मनापासून राग होता. कारण सांगते. हँडल फिरवायला घरात एक तरी दणकट माणूस लागे. आबांचे गुडघे दुखरे, आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दम लागायचा. राहिलो आम्ही नवरा-बायको. त्यामुळे लग्न होऊन विट्याजवळच्या या माळावर आले तेव्हापासून आम्ही दोघं जोडीने कुठे म्हणून गेलो नव्हतो. माझ्या भावाच्या लग्नात मी एकटी. ह्यांच्या आतेभावाच्या लग्नात हे एकटे. अल्बम काढून बघा, धैर्यशील आहे तिथे मी नाही, मी आहे तिथे धैर्यशील नाही. माझ्या कराडच्या मावशीची तर खात्रीच पटली होती की मला नवऱ्याने टाकलंय. कुठल्याही कार्यात भेटली की ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि डोळ्याला पदर लावायची. "सोस बाई," म्हणायची. मी कोंबड्यांचं कारण सांगायला लागले की तिला जास्तच रडू यायचं.

म्हणून पंखे, पाण्याचे गार पॅड आणि ते सगळं आपणहून चालवणारा कंट्रोलर अशी काही चीज निघालीय हे कळल्यावर मी घरात धरणंच धरलं. पडदे बंद, माणूस मोकळा. त्यात माझ्या भावाने कराडला घर बांधलं होतं आणि दसऱ्याला वास्तुशांत काढली होती. मी जाहीर करून टाकलं, दसऱ्याला मी नवऱ्याला घेऊन जाणार, दोघं शेजारी शेजारी पाटावर बसून आहेर घेणार, आणि मावशीला तो माणूस धडधाकट, डोळ्यांसमोर दाखवणार. माझ्या नवऱ्याचं नाव धैर्यशील. नाव ठेवताना जरा घाई झाली असावी, कारण आबांसमोर तो एक शब्द बोलला नाही. बोलणी सगळी मीच केली. आबा शेवटी म्हणाले, करा काय ते, फक्त माझे जुने पडदे काढायचे न्हाईत.

तर मुलाणी. त्याने कंट्रोलरचा डबा खाद्याच्या खोलीत भिंतीवर बसवला आणि तिथून एक वायर शेडात आणली. वायरीच्या टोकाला बोटाएवढी स्टीलची कांडी. ती पंख्यांपासून लांब, पॅडपासून लांब, बरोब्बर मधोमध, कोंबड्यांच्या उंचीला टांगायची होती. त्याने इकडे मोजलं, तिकडे मोजलं आणि आबांना म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का?"

आबा बाजूला झाले. कांडी तिसऱ्या खांबापाशी लोंबायला लागली.

हे काय, म्हणून आबांनी विचारलं. मुलाणीने समजावलं की हा सेन्सर, याला गरम लागलं की डब्याला कळतं आणि डबा पंखे चालवतो. "म्हंजे शेपूट," आबा म्हणाले. मुलाणीचं म्हणणं होतं की अशी तीन तरी हवीत, एखादं चुकलं तर दुसरं सांगतं. आबांनी साफ नकार दिला. माणसाला पाठ एकच असते, एकच पुरे. मग त्यांनी डोळे मिटून आकडा सांगितला, एकोणतीस. मुलाणी डब्यापाशी जाऊन बघून आला आणि म्हणाला, अठ्ठावीस पॉइंट आठ.

"कोंबडीला पॉइंट कळतो होय?" असं म्हणून आबांनी सदरा चढवला आणि बाहेर गेले.

पुढची शिकवणी त्यांनी धड ऐकलीच नाही. पिल्लांचं वय टाकायचं, म्हणजे त्या वयाला किती ऊब लागते ते मशीनच ठरवतं. वय टाकायचं म्हटल्यावर दाराबाहेरून आबांचा आवाज आला, जन्माचा दाखला लागंल का. मग पंख्यांची बटणं. उजवीकडे ऑटो, डावीकडे हाताने. मशीनचं काही बिनसलं तर बटण डावीकडे फिरवायचं, पंखे सुरू. आकडा भलताच चढला तर मोबाईलवर घंटा वाजणार, आणि एरवीही शेडातलं टेंपरेचर जगात कुठूनही मोबाईलवर दिसणार. धैर्यशीलने प्रत्येक वाक्याला मान हलवली. मुलाणीची जीप वळणाआड गेल्यावर मला म्हणाला, "तुला कळलं ना सगळं?"

मशीन गुणी निघालं. ऊन चढलं की एकेक पंखा घरघरायला लागायचा, ऊन उतरलं की एकेक गप्प व्हायचा. कोंबड्या खुशीत होत्या. आमच्या घरात बिनकामाचं झालेलं माणूस एकच. भरदुपारी आबांना सदऱ्याची सगळी बटणं लावून ओट्यावर बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, मला काय विचारताय, डबं घ्या.

दसऱ्याआधी रंगीत तालीम म्हणून आम्ही एकदा विट्याला जेवायला गेलो. ताटं येतात न येतात तोच आबांचा फोन, डबा शिट्ट्या मारतोय. धावत आलो. शिट्ट्या आत्यांच्या कुकरच्या होत्या. पुढच्या खेपेला म्हणे एक पंखा मेला. तो मेला नव्हता, त्याची पाळी नव्हती. तिसऱ्या खेपेला तर आबांनी नुसतं एवढंच सांगितलं की मला काय बरं लक्षण दिसत न्हाई. धैर्यशील आयुष्यात प्रथमच चिडला. इथून पुढे मोबाईलवरचा आकडा खरा, आबांचा फोन खोटा, असं त्याने मला जीपमध्ये, काचा वर करून, सांगितलं.

दसऱ्याच्या सकाळी आत्या पाटावर झेंडूची रास घेऊन बसल्या होत्या. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, खुरपं, विहिरीची मोटर, ट्रॅक्टर, सगळ्यांना हळद-कुंकू आणि हार. डब्यासाठी त्यांनी एक फूल बाजूला काढलं होतं. ट्रॅक्टरचा हार मात्र मनगटाएवढा जाड केला, आपट्याची पानं घालून. तो पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवला आणि आंघोळीला गेल्या, तेवढ्यात हार गायब. गाय दाव्याला बांधलेली होती तरी आळ तिच्यावरच आला. आत्या तिला पुष्कळ बोलल्या. बिचारी रवंथ करत ऐकत होती, त्यामुळे संशय अजूनच बळावला.

आबा मात्र त्या दिवशी वेगळेच दिसत होते. नवी टोपी, कपाळाला गंध. जीपपाशी आले आणि म्हणाले, "जावा. बिनघोर जावा." मी धैर्यशीलकडे बघितलं, धैर्यशीलने माझ्याकडे. आबांचं मन बदलायच्या आत आम्ही निघालो.

कराडला भावाच्या दारात उतरलो तर समोर मावशीच. तिने धैर्यशीलला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, गालाला हात लावून बघितला. "आलास बाबा," म्हणाली, जणू तो कुठल्या लढाईवरून परत आला होता. मग तो पाणी प्यायला उठला तरी तिची नजर त्याच्या मागे जायची. मला काय वाटलं सांगू, त्या नजरेने माझी इतक्या वर्षांची भरपाई झाली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि आम्ही दोघं मांडवात शेजारी बसून पंगत बघत होतो. धैर्यशील मधूनमधून मोबाईल काढून दाखवायचा. तेवीस. गार गार. दुपार व्हायला आली तरी तेवीस. तो म्हणाला, हे आपल्या ह्या मांडवापेक्षा बरं आहे.

आहेराची वेळ झाली. वहिनीने दोन पाट जोडून मांडले, भोवती रांगोळी काढली. आम्ही बसलो. भावाने धैर्यशीलच्या डोक्यावर टोपी ठेवली, वहिनीने माझ्या ओटीत नारळ घातला, फोटोग्राफर म्हणाला, जवळ सरका. आणि धैर्यशीलच्या खिशात फोन वाजला.

फोन मशीनचा नव्हता. आबांचा होता.

"आबा, तेवीस आहे," त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं. तिकडून काहीतरी आलं. "अहो तेवीस आहे, मी बघतोय इथं. आम्ही पाटावर बसलोय." पुन्हा काहीतरी. त्याने फोनवर हात ठेवला आणि मला सांगितलं, कोंबड्या तोंडं वासून बसल्यात म्हणे. पाठ भाजतेय म्हणे. ठेवू का?

ठेव म्हणणार होते मी. पण म्हटलं, एकदा आपणच खडसावून सांगावं, म्हणजे पुन्हा फोन येणार नाही. फोन घेतला. "आबा, आता काय झालं?"

"पस्तिशी गाठलीया, शैला. माझी पाठ सांगतीया."

त्यांचा आवाज इतका स्वच्छ आला की मला वाटलं शेजारीच उभे आहेत. मी विचारलं, तुम्ही आहात कुठे. शेडात, म्हणाले. मशीन आल्यापासून शेडातून फोन आला की पंख्यांच्या घरघरीत एक अक्षर कळायचं नाही, दोन्हीकडून बोंबलावं लागायचं. आज ऐन दुपारी शेडात घर्र नाही की फर्र नाही.

"आबा, पंखे?"

"झोपल्यात. मगापासून तेच सांगतुया त्याला."

मी म्हटलं, डब्यापाशी जा, सगळी बटणं डावीकडे फिरवा. मग आबा म्हणाले, "ते जमायचं न्हाई. पूजा केलीया त्याची. पूजलेल्या हत्याराला आज हात लावत न्हाईत."

मी पाटावर बसल्या बसल्या कपाळाला हात लावला. हजारो कोंबड्या तिकडे शिजायला लागल्यात आणि हा माणूस मुहूर्त सांगतोय. पण आबांशी वाद घालायला वेळ नव्हता. पडदे तर पूजलेले नव्हते ना? "मग पडदे सोडा, आबा. दोन्हीकडचे."

"सोडू?" त्यांनी विचारलं. एवढा आनंदी 'सोडू' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पुढे फक्त धावण्याचा आवाज आला आणि 'अगं ए, ये लवकर, तिकडचं हँडल धर' अशी आरोळी. गुडघ्यांचं काय झालं होतं त्या दिवशी, कोण जाणे.

आम्ही उठलो. ओटीतला नारळ गडगडत मांडवाच्या कोपऱ्यात गेला. भाऊ म्हणाला, निदान जेवून जा. भरल्या पाटावरून उठून जाणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे मावशीने बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदर डोळ्याला लावला. माझी इतक्या वर्षांची भरपाई तिथेच बुडाली. जीपमध्ये बसल्यावर मी रडले. धैर्यशील गाडी चालवता चालवता मोबाईल बघत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, तेवीस. अजून तेवीस.

पोचलो तेव्हा दोन्ही बाजूंचे पडदे खाली होते आणि माळावरचा वारा शेडातून आरपार जात होता. थोड्या कोंबड्या गेल्या होत्या, एखादं पोतं भरेल एवढ्या. बाकीच्या पंख पसरून, धापा टाकत का होईना, जिवंत होत्या. आत्या हँडलपाशी जमिनीवरच बसल्या होत्या. आबा उघडेबंब, घामाने निथळलेले, बाहेरून पाइपने पत्र्यावर पाणी मारत होते. गावातल्या कुस्तीत मानाचा फेटा मिळालेल्या माणसाचा चेहरा होता त्यांचा.

मी आधी पूजेची पर्वा न करता बटणं डावीकडे फिरवली. पंखे सुरू झाले. मग धैर्यशील वायरीच्या मागे मागे आत गेला आणि तिसऱ्या खांबापाशी उभा राहिला. आम्हीही गेलो.

सेन्सरला हार घातला होता. नुसता घातला नव्हता, मनगटाएवढ्या त्या हाराचे वेढे देऊन देऊन कांडी पार आत झाकून टाकली होती. आपट्याची पानं होती. हळद-कुंकवाची बोटं वायरीवर वरपर्यंत ओढलेली होती. आणि हार अजून ओला होता, थेंब थेंब गळत होता. खाली पाण्याने अर्धी भरलेली बादली.

धैर्यशीलने मुलाणीला फोन लावला आणि काय दिसतंय ते सांगितलं. मग मुलाणी म्हणाला, "हार?" धैर्यशील हो म्हणाला. मुलाणीने पुन्हा विचारलं, "झेंडूचा?" मग त्याने सांगितलं की माठ ओल्या फडक्याने गार होतो तसा तो सेन्सर त्या ओल्या हारात गार पडलाय. त्याच्या हिशेबी शेडात थंडी आहे, तो पंखे कशाला लावेल? एकच सेन्सर, सांगणारं दुसरं कुणी नाही. आमच्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही हो, असंही तो म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी आत्यांकडे बघितलं. हार त्यांचा, पूजा त्यांची. "माझ्याकडं काय बघताय?" आत्या म्हणाल्या. "मी डब्याला एक फूल वाहिलं, बाहेरच्या बाहेर. आत पाऊल टाकलं न्हाई. आणि हा तर माझा ट्रॅक्टरचा हार हाय. मी गायीला बोलले की हो उगाच."

मग एकच माणूस उरलं. आबा बनियन शोधत होते. उलटं घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

"आबा," धैर्यशील म्हणाला. आवाज चढवायचा होता त्याला, पण तो काही चढला नाही.

आबा हाराकडे बघत म्हणाले, "डब्याला सगळी वाहत्यात. डबा बसलाय सावलीत भिंतीवर. राबतंय कोण? ह्ये. रातध्याड कोंबड्यांत उघडं उभं असतंय." मग त्यांनी कांडीकडे बोट केलं. "माझ्या जागंवर उभं हाय ते. म्या न्हाई वाहायचा तर कुणी? वाळू नये म्हणून तासातासाला पाणी मारत हुतो."

पंखे घरघरत होते. इतके दिवस ज्याला शेपूट म्हणून हिणवलं त्याला या माणसाने चोरून, सगळ्यांची पाठ वळल्यावर, घरातला सगळ्यात मोठा हार घातला होता. 'बिनघोर जावा' म्हणाले होते ते खरंच मनापासून म्हणाले होते. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. धैर्यशीलही खांबाला धरून हसायला लागला. आबा आधी रागावले, मग म्हणाले, हसा, हसा, पाठीनं वाचवलं तुमच्या डब्याला. तेही खरंच होतं. आत्यांनी जाऊन गाईच्या कपाळाला कुंकू लावलं.

कराडचा फोटो आला. पाटावर आम्ही दोघं. मी कॅमेऱ्याकडे बघतेय, नवरा कानाला फोन लावून तोंड वासून बसलाय, आणि मागे मावशी त्याच्याकडे संशयाने बघतेय. तोच आमचा जोडीचा फोटो म्हणून कैक दिवस भिंतीवर होता.

पुढे आबांनी मुलाणीकडून ती बटणं शिकून घेतली. आणखी दोन सेन्सर आले तेव्हा ते कुठे टांगायचे तेही त्यांनीच सांगितलं, आधी तिथे उघडे उभे राहून. दसऱ्याला हार खांबाला बांधायचा, कांडीपासून वीतभर लांब, आणि कोरडा, हा नियमही त्यांचाच.

मग मावशीच्या नातीचं लग्न निघालं. आम्ही दोघं गेलो आणि आत्यांनाही घेऊन गेलो, त्याही कुठे गेल्या होत्या कधी. मावशीने धैर्यशीलचा दंड धरून त्याला सगळ्या मांडवात फिरवून आणलं. जेवायला बसल्यावर मला राहवेना, मी आबांना फोन लावला. पलीकडे पंख्यांची घरघर, एक अक्षर कळेना. मी ओरडून सांगितलं, आबा, एकटे आहात, काही लागलं तर लगेच सांगा, आम्ही निघतो.

"एकटा कुठला?" आबा ओरडले. "आम्ही दोघं हाय न्हवं हितं. जेवून या सावकाश."

मी फोन ठेवला. शेजारी आत्या जिलेबी खात होत्या. त्यांनाही ते ऐकू गेलं होतं.

"दोघं कोण गं?" त्यांनी विचारलं. "मी तर हितं हाय."

मी त्यांच्या पानात अजून एक जिलेबी वाढली.